जवळा म्हणजे कोळंबीची पोरं का?

प्रश्न : आमच्या सासूबाई जवळा घरात आणू देत नाहीत. 'ती कोळंबीची पोरं आहेत, ती खाल्लीत तर मोठी कोळंबी कुठून येणार?' असं म्हणतात. माझा मुलगा नववीत आहे. तो म्हणतो, जवळा ही वेगळी जात आहे. खरं कोणाचं? आणि इतक्या बारीक जिवाचं कुळ शास्त्रज्ञ ओळखतात तरी कसं? – एक वाचक, दापोली

उत्तर : ताई, मुलाचं बरोबर आहे. पण सासूबाईंची काळजीही मी उडवून लावणार नाही, तिच्याकडे शेवटी येते.

तीस वर्षं मी प्राणिशास्त्र शिकवलं. पहिल्या नोकरीत प्रयोगशाळेच्या कपाटात फॉर्मॅलिनची एक बरणी होती, चिठ्ठीवर लिहिलेलं, 'कोळंबीची पिल्ले'. दोन वर्षं मीही ती तशीच मुलांना दाखवली. मग एकदा रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेट्टीवरून ताजा जवळा आणला, बशीत पाणी घालून भिंगाखाली धरला आणि पाय मोजले. त्याच संध्याकाळी बरणीवरची चिठ्ठी बदलली.

तुम्हीही मोजा. जवळा ताजाच घ्या, सुक्याचे पाय मोडलेले असतात. कोळंबीला छातीखाली चालायच्या पायांच्या पाच जोड्या असतात, म्हणून त्या गणाचं नावच दशपाद. जवळ्याला मात्र तीनच जोड्या. तोंडाजवळचं एक अवयवांचं जोडपं पायासारखंच लांब दिसतं, ते मोजलंत तर चार भराल. मीही पहिल्यांदा चारच मोजल्या होत्या. पोटाखालची वल्ह्यांसारखी जोडपी वेगळी, ती पोहायची.

आता कोणी म्हणेल, पिल्लू आहे, उरलेले पाय पुढे फुटतील. पण तोच तीन जोड्यांचा जवळा पूर्ण वयात आलेला असतो. मादीच्या अंगात अंडाशय भरलेला दिसतो. नराच्या छोट्या मिशीवर मादीला धरून ठेवायचा आकडा असतो. दोन ते चार सेंटीमीटर हीच त्याची पुरी वाढ. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एडवर्ड्स यांनी १८३० साली त्याला नाव दिलं, ॲसिटिस इंडिकस.

मग दहा पाय नसलेला हा प्राणी दशपादांत कसा? मला या विषयातला सर्वांत आवडणारा भाग हाच. टायगर कोळंबीच्या पाच जोड्यांपैकी पहिल्या तीन जोड्यांच्या टोकाला बारीक चिमटे असतात, मागच्या दोन जोड्या बिनचिमट्याच्या. जवळ्याच्या तिन्ही जोड्यांना चिमटे आहेत, अगदी इवले, पण आहेत. म्हणजे गेल्या त्या नेमक्या मागच्या दोन. त्याच्याच कुळातले खोल समुद्रात राहणारे काही प्रकार पाहिले, तर त्यांच्यात या दोन जोड्या असतात, पण आखूड झालेल्या. हे प्रकार जवळ्याचे आजोबा नव्हेत, चुलतभाऊ आहेत. पण पाय कोणत्या वाटेने गेले, याचा माग त्यांच्यावरून लागतो. म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगत असे, काय आहे ते लिहा आणि काय नाही तेही लिहा.

याहून मोठा धक्का स्कॅम्पी, म्हणजे गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, देते. ती टायगरची सख्खी बहीण वाटते ना? तिच्या पायांच्या पहिल्या दोनच जोड्यांना चिमटे असतात. पोटाच्या दुसऱ्या कड्याची बाजूची पाळी पुढच्या आणि मागच्या, दोन्ही कड्यांवर चढलेली असते. आणि ती अंडी पोटाखाली चिकटवून बाळगते, खेकडीसारखी. टायगर आणि जवळा अंडी थेट पाण्यात सोडतात. त्यांच्या कल्ल्यांना झाडासारख्या फांद्या असतात, स्कॅम्पीच्या कल्ल्यांना नसतात. म्हणून नात्याने टायगरला जवळा जवळचा आणि स्कॅम्पीला खेकडा. आकारावरून नातं ठरवायला गेलं की हमखास चुकतं.

बालपणावरूनही कुळ कळतं. समुद्रातल्या खडकांवर पांढरे, खरखरीत सुळके चिकटलेले असतात, पाय कापतात, ते बार्नेकल. त्यांना कवच आहे म्हणून कित्येक वर्षं शिंपल्यांच्या वर्गात ठेवलं होतं. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी पाण्यात पोहणारे बारीक जीव काचेच्या भांड्यात ठेवले, तर ते भांड्यालाच चिकटून बार्नेकल झाले. म्हणजे बार्नेकल शिंपल्यांचे नव्हे, कोळंबी-खेकड्यांचे नातलग निघाले. हेही १८३० सालीच छापलं गेलं. पुढे डार्विन यांनी १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या प्राण्यांवरच घालवली. बार्नेकल अंड्यातून निघतो तेव्हा त्याला अवयवांच्या तीन जोड्या आणि एकच डोळा असतो. या अळीला नॉप्लियस म्हणतात. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ फ्रिट्झ म्युलर यांना ब्राझीलच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या एका जातीचं बालपणही नॉप्लियसपासूनच सुरू होताना दिसलं, आणि १८६४च्या 'फ्यूर डार्विन' या पुस्तकात त्यांनी ते उत्क्रांतीचा पुरावा म्हणून मांडलं. जवळाही नॉप्लियस म्हणूनच जन्मतो. खडकाला चिकटलेला सुळका आणि तुमच्या पाटीतला जवळा, दोघांचं पाळण्यातलं रूप एकच.

आता सासूबाईंचं. जवळा पकडायच्या डोल जाळ्याची आस, म्हणजे जाळ्याची भोकं, फार बारीक असते आणि जवळ्याबरोबर खरोखरीची कोळंबीची पोरंही त्यात सापडतात. ती वाया जाऊ नयेत असं त्यांना वाटतं, ते अगदी योग्य आहे. ओळखायची तर कपाळावरचा काटा बघा. कोळंबीच्या पिल्लाचा लांब आणि करवतीसारखा दातेरी, जवळ्याचा अगदी आखूड. वाटा परातीत पसरून मुलाला भिंग द्या आणि सासूबाईंना शेजारी बसवा. मूठभर जवळ्यात अशी किती पोरं निघाली, ते मला नक्की लिहून कळवा.