डिसेंबरात आयर्लंडचा पश्चिम किनारा, तोही बसने?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या मध्यावर लेकीकडे डब्लिनला येताय, तुम्हा दोघांनाही तिथे गाडी चालवायची नाही, आणि पश्चिम किनारा बसने बघायचाय. लेक म्हणते, वेड लागलंय का?

वेड अजिबात नाही. मी पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे शहरात राहत असताना सलग तीन हिवाळे हेच केलं. पण रोज नवं गाव आणि रोज नवी खोली हा तुमचा बेत तेवढा मोडा. गॉलवेला तीन-चार रात्री बूड टेका आणि तिथून दिवसाला एकच फेरी करा. डब्लिनहून बसने अडीच-तीन तासांत पोचता.

थंडीची धास्ती नको. पारा पाच ते दहाच्या आसपास असतो, किनाऱ्यावर बर्फ क्वचितच. अडचण उजेडाची आहे. त्या दिवसांत सूर्य पावणेनऊनंतर उगवतो आणि साडेचारच्या आत गुडुप. त्यात खेड्यापाड्यांतल्या बस मोजक्याच. म्हणून परतीची बस आधी ठरवा, मग जायची. आपल्या गावाकडे शेवटची एसटी चुकली तर कुणीतरी ओळखीचं भेटतं. इथे भेटतील त्या मेंढ्या.

पहिल्या दिवशी बस एरन या सरकारी कंपनीची 350 नंबरची बस धरा. गॉलवेहून किनव्हारा, बॅलीव्हॉन, डूलिन, मग मोहरचे समुद्रावरचे उंच कडे, आणि पुढे एनिस. चढलात की चालकामागची, म्हणजे उजवीकडची खिडकी पकडा. जाताना समुद्र त्याच बाजूला असतो. फेरी फनोरवरून जाते का, तेवढं वेळापत्रकात बघा, कारण मग ती ब्लॅक हेड या समुद्रात घुसलेल्या टोकाला वळसा घालते. डावीकडे बरेन भागाचा राखाडी चुनखडक, झाडाचं नाव नाही. उजवीकडे अटलांटिक, आणि मधे जेमतेम रस्ता. हीटर चालू असतो, सगळ्यांचे कोट ओले, त्यामुळे काच दर दोन मिनिटांनी धुरकट होते. मी बाहीने पुसत बसायचो आणि बाही ओली व्हायची. तुम्ही एक कोरडा पंचा जवळ ठेवा. पुसलेल्या गोल चकतीतून अचानक लाट खडकावर फुटलेली दिसते आणि फेस वाऱ्याबरोबर वर उडतो. मला तर कड्यांपेक्षा हा रस्ताच जास्त आवडतो.

कडे 214 मीटर उंच आहेत, बघायलाच हवेत. पण तिथे पाऊस वरून नाही, समोरून येतो. छत्री घरीच ठेवा. कानटोपी, जाकीट आणि वर पावसाळी पँट. बंद केलेल्या पायवाटेवर फोटोसाठीही जाऊ नका. वारा ढकलतो म्हणजे खरोखर ढकलतो.

रोज सकाळी मेट एरनचा, म्हणजे तिथल्या हवामान खात्याचा, इशारा बघायचा. पिवळा असेल तर जपून. नारिंगी असेल तर किनारा सोडा आणि गॉलवेतच गरम सूप प्या. लाल इशाऱ्याला बस बंदच होतात. जानेवारी 2025 मध्ये एओविन वादळात गॉलवेच्या किनाऱ्यावर मेस हेडला ताशी 183 किलोमीटरचा झोत नोंदला गेला होता, यावरून अंदाज घ्या.

आता माझी फजिती. गावाबाहेरच्या थांब्यावर संध्याकाळी पाच वाजता, काळ्या जाकिटात, हात खिशात घालून उभा होतो. बस आली आणि तश्शीच गेली. चूक माझीच, तिथे हात दाखवावा लागतो, आणि अंधारात चालकाला मी दिसणार तरी कसा? दोन तास मी एका दुकानाच्या पन्हाळीखाली काढले. तेव्हापासून मोबाइलचा टॉर्च लावून हात वर करतो. उतरताना चालकाला थँक यू म्हणायचं, शाळकरी पोरंही म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेला कॉनमाराच्या बाजूने स्पिडलकडे जा. तिथे पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात, तेव्हा 'अन स्पिजेल' असं काहीतरी कानावर पडलं तर उतरा. आरन बेटांवर जायचं असेल तर हिवाळ्यात डूलिनहून बोट नसते; रॉसाव्हीलहून सुटते, तीही समुद्र राजी असेल तर.

आणि 25 तारखेला बस एरनची एकही गाडी रस्त्यावर नसते. 24 च्या दुपारपर्यंत डब्लिन गाठा, त्या दिवशीच्या शेवटच्या बस नेहमीपेक्षा लवकर सुटतात.