कंपनीने मानसिक आरोग्याचं ॲप दिलं आहे. ते वापरावं का? खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलं आहे की कंपनीने सगळ्यांना ॲपची लिंक पाठवली, रोज सकाळी मूड भरायला सांगितला आणि खाली ‘तुमची माहिती पूर्णपणे गोपनीय राहील’ असं वाक्य टाकलं. त्या वाक्यासाठीच मी हे उत्तर लिहायला बसले.

आधी थेट सांगते. श्वासाचे व्यायाम, विचारांची नोंद, झोपेआधीचं ध्यान यासाठी ॲप जरूर वापरा. पण मूडचे आकडे, गोळ्यांची नावं, घरातले वाद यातलं काहीही कंपनीच्या लॉगिनने भरू नका. त्यासाठी स्वतःच्या ईमेलवर वेगळं ॲप घ्या, नाहीतर साधी वही घ्या. माझं काम शेवटी वहीनेच केलं.

मी तेव्हा आयटी सपोर्टमध्ये होते. टीममध्ये सात जण होतो, दोघांनी नोकरी सोडली, त्या जागा भरल्याच नाहीत. ऑन-कॉल, म्हणजे रात्री काही बंद पडलं तर उठून बघायची पाळी, आली की सलग सात रात्री फोन उशाशी. रात्री दोनला बिघाडाचा अलर्ट, साडेतीनला दुसरा, आणि सकाळी दहाच्या मीटिंगला हजर. तीन महिन्यांत झोप अशी मोडली की ऑन-कॉल नसतानाही अडीचला जाग यायची आणि हात आपोआप फोनकडे जायचा. एका सकाळी जागेवर येऊन बसले आणि रोजचा पासवर्ड आठवेना. दहा मिनिटं स्क्रीनकडे बघत होते. मग जिन्यात जाऊन रडले.

त्याच आठवड्यात ॲपची मेल आली. मला बरं वाटलं होतं. आपली अवस्था कुणाच्या तरी लक्षात आली आहे असं वाटलं. आणि ॲप वाईट नव्हतं. त्यात विचार नोंदवण्याची सोय होती. मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, मग ते खरं असल्याचे पुरावे, मग खरं नसल्याचे पुरावे, आणि दोन्ही वाचून जे पटेल ते नवं वाक्य. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात जी कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे विचार तपासून बदलायला शिकवणारी उपचारपद्धत, मांडली, तिच्यातून आलेली ही पद्धत. माझं वाक्य होतं, ‘मी एक अलर्ट चुकवला तर सगळं माझ्यामुळे बंद पडेल.’ उलट बाजूचे पुरावे लिहिताना आठवलं की आदल्या वर्षी मी दोन अलर्ट खरोखरच चुकवले होते. दोन्ही वेळा अलर्ट आपोआप पुढच्या माणसाकडे गेला आणि वीस मिनिटांत सगळं सुरळीत झालं. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी सलग झोपले. त्यामुळे ‘ॲपबिप सगळं थोतांड’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

अकराव्या दिवशी टीम मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाला, “या आठवड्यात आपल्या टीमचा मूड फार खाली दिसतोय. कुणाला काही बोलायचंय का?” पाचातले दोघं रजेवर होते. उरलो तिघं. बाकीच्या दोघांनी माझ्याकडे बघितलं. ॲपकडून त्याला दिसणाऱ्या डॅशबोर्डवर नाव नव्हतं, नुसती सरासरी होती. पण तीन माणसांच्या सरासरीत कोण लपणार? मी त्या संध्याकाळी ॲप काढून टाकलं.

नोंदी मात्र सोडल्या नाहीत. वहीत चार रकाने आखले: किती तास झोप, रात्री किती अलर्ट, सकाळचा मूड एक ते पाच, दुपारी कामात लक्ष किती. बेचाळीस दिवस भरले. ज्या रात्री दोन किंवा जास्त अलर्ट, तिच्यानंतरचे दोन दिवस मूड एक किंवा दोन. अलर्ट नसलेल्या रात्रींनंतर तीन, कधी चार. मला बिघाड सापडला होता, आणि बिघाड शोधणं हेच तर माझं काम होतं. वही घेऊन मॅनेजरकडे गेले आणि रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, बदलायला सांगितलं. त्याने दोन पानं उलटली आणि म्हणाला, “झोपेसाठी ॲपमध्ये छान ध्यान आहे की. सुविधा दिली तर तू अकरा दिवसांत सोडलीस.”

अकरा दिवस हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. कंपनीने प्रत्येकासाठी घेतलेलं ॲपचं लायसन्स कोण किती वापरतंय याची यादी एचआरकडे जात होती आणि तिथून त्याच्याकडे. मी आत काय लिहिलं ते त्यांना दिसत नव्हतं, हे मान्य. पण मी किती दिवस आले हे दिसत होतं, आणि तेवढंच माझ्यावर उलटवायला पुरलं.

त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. आज देते. ॲप लवकर सोडणं हा माझा आळस नव्हता. २०१९ साली मानसिक आरोग्याच्या ९३ ॲप्सचा प्रत्यक्ष वापर तपासणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सगळी ॲप्स क्रमाने लावली तर मधोमध येणाऱ्या ॲपवर पंधराव्या दिवशी ३.९ टक्के माणसं टिकून होती. अकरा दिवस म्हणजे मी बहुतेकांपेक्षा जास्तच टिकले. दुसरं, ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. २०२४ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ॲप, तणावाची प्रशिक्षणं, ध्यानाचे वर्ग घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा बरे आढळले नाहीत. आणि जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्याच अशी केली आहे: कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने होणारी अवस्था. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित गोष्ट म्हटलं आहे. कामाचा बोजा जास्त आणि त्यावर आपलं नियंत्रण कमी, ही जोडी माणसाला पिळून काढते हे कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. सलग सात रात्री कधीही वाजू शकणारा फोन ही ती जोडी आहे. तिच्यावर ध्यानाचा ऑडिओ हे उत्तर होऊच शकत नाही. लायसन्स घेणं दोन माणसं घेण्यापेक्षा सोपं होतं, म्हणून लायसन्स घेतलं. माझं हे मत आजही बदललेलं नाही.

शेवटी मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पीएचक्यू-९ हा नैराश्य मोजण्याचा फॉर्म भरून घेतला. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, गुण शून्य ते सत्तावीस. माझे सतरा आले, म्हणजे ‘तीव्र’ या पातळीच्या अगदी एक पायरी खाली. वही त्यांनी मात्र पानन् पान वाचली. ‘पुढचे तीन महिने, सलग दोनपेक्षा जास्त रात्री ऑन-कॉल नको’ असं पत्र दिलं. सहा ओळींचं पत्र. एचआरने ते आठवडाभरात मान्य केलं, आणि सगळ्या टीमचंच रोस्टर दोन-दोन रात्रींचं झालं. बेचाळीस दिवसांच्या माझ्या नोंदींना जे जमलं नाही ते डॉक्टरांच्या शिक्क्याला जमलं, याचा मला अजून राग येतो. दोन महिन्यांनी गुण सहावर आले. त्या काळात गोळ्या आणि समुपदेशनही चालू होतं, म्हणून सगळं श्रेय मी रोस्टरला देत नाही.

तर तुमचं ॲप. भरायला लागण्याआधी एचआरला लेखी विचारा: वापराची यादी कुणाकडे जाते, किती माणसांच्या खालच्या गटाची सरासरी दाखवत नाहीत, आणि नोकरी सोडल्यावर किंवा कंपनीने करार संपवल्यावर माझ्या नोंदींचं काय होतं. उत्तर गोलमोल आलं तर त्यातून काय समजायचं ते समजा. स्वतः निवडलेलं ॲपही डोळे झाकून घेऊ नका. बेटरहेल्प या नावाजलेल्या ऑनलाइन समुपदेशन सेवेने लोकांची आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंना दिली, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहिताच्या सरकारी संस्थेने ठेवला आणि २०२३ मध्ये त्या कंपनीला ७८ लाख डॉलर द्यावे लागले. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०२२ मध्ये मानसिक आरोग्य आणि प्रार्थनेची ३२ ॲप्स तपासली, त्यातल्या २८ वर गोपनीयतेबाबत इशारा लावला. शिवाय ॲप बंदही पडतं. वोबॉट हा मानसिक आरोग्याचा गाजलेला चॅटबॉट २०१७ मध्ये आला आणि जून २०२५ मध्ये बंद झाला. आपल्या नोंदी बाहेर काढता येतील असंच काही वापरा.

ॲपने काहीच होत नाही असा अर्थ मात्र काढू नका. २०२४ मध्ये अशा ॲप्सच्या १७६ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यात नैराश्य आणि चिंता या दोन्हींवर ॲपचा परिणाम छोटा पण खरा दिसला. त्या चाचण्या कुठल्या एका ऑफिसातल्या नव्हत्या, त्यात भाग घ्यायला स्वतःहून तयार झालेल्या माणसांवरच्या होत्या, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं: पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरण बरं वाटण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल आहे. त्याचं तुमचं उत्तर ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं काहीही असेल तर ॲप बाजूला ठेवा आणि आजच्या आज डॉक्टर, हेल्पलाइन किंवा जवळच्या माणसाशी बोला.

कामाबद्दल तुम्ही प्रश्नात एक ओळही लिहिलेली नाही. टीममध्ये किती जण आहात, रात्री किंवा सुट्टीत फोन येतात का, आणि गेल्या वर्षात किती जण सोडून गेले? ते सांगा, मग ॲपबद्दल आणखी बोलू.