आधी दम वाढतो, हाडं मागून येतात

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री वाचला. पहिल्यांदाच न थांबता ५ किलोमीटर! तीन महिन्यांपूर्वी दोन मिनिटं धावलीस की कमरेवर हात ठेवून उभी राहायचीस, ते मला आठवतंय. खूप आनंद झाला. आणि आनंदाच्या भरात तू लगेच विचारलंस, "आता दोन महिन्यांत हाफ मॅरेथॉन जमेल ना?"

दोन महिन्यांत रडतखडत २१ किलोमीटर पार करणारी माणसं आहेत. तूही करशील, तुझी जिद्द मी पाहिली आहे. पण हाफ झाल्यावर पुढच्या महिन्यातही तू धावताना दिसावीस, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी पाच ते सहा महिने घे. एवढे कशाला, हे आज सविस्तर लिहिते.

धावायला लागलं की शरीराचे सगळे भाग एका वेगाने तयार होत नाहीत. हृदय आणि रक्ताभिसरण सगळ्यात लवकर जुळवून घेतं. काही आठवड्यांतच धाप कमी होते, स्नायूंना ऑक्सिजन नीट पोचायला लागतो. हाडं आणि कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, मात्र सावकाश बदलतात. हाडावर नवा ताण पडला की शरीर आधी तिथला जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं. काढण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरण्याला मात्र महिने लागतात. म्हणजे मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा थोडं कच्चं असतं. नेमक्या त्याच काळात तुझा दम वाढलेला असतो, धावताना मजा यायला लागलेली असते आणि 'आज आणखी दोन किलोमीटर जाऊया' असं वाटत असतं. तू सध्या बरोबर तिथे उभी आहेस.

मी तिथेच चुकले होते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मला इतकं हलकं वाटायला लागलं की ७ किलोमीटरवरून एकदम १३ वर गेले. धावताना काही झालं नाही. दोन दिवसांनी जिना उतरताना उजव्या नडगीत कळ आली. मी तिला स्नायूदुखी समजून आणखी दहा दिवस धावले. शेवटी डॉक्टरांनी हाडाला बारीक चीर असल्याचं सांगितलं. आठ आठवडे धावणं बंद. पहिल्या कळीलाच थांबले असते, तर कदाचित दोन आठवड्यांवर भागलं असतं.

म्हणून तुला एक सवय लावून घ्यायला सांगते. रात्री पाय धुतल्यावर खाली बस आणि नडगीच्या आतल्या कडेवरून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत अंगठा दाबत ने. लांबवर पसरलेला ठणका असेल, तर तो बहुतेक वेळा सरावाचा ताण असतो. दोन दिवस विश्रांती घे, अंतर कमी कर आणि लक्ष ठेव. पण बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी दाबल्यावर तू दचकलीस, किंवा त्या पायावर एक उडी मारताच तिथेच कळ आली, तर धावणं त्या क्षणी बंद आणि डॉक्टर गाठायचे. हीच तपासणी पावलाच्या वरच्या बाजूलाही कर.

आता वेगाचं बोलते. तू खूप जोरात धावतेस. नवीन माणसाचं बहुतेक वेळा हेच होतं, कारण हळू धावणं म्हणजे धावणंच नाही असं त्याला वाटतं. माझी कसोटी सोपी आहे: धावताना सोबतच्या माणसाला एक अख्खं वाक्य मध्ये न थांबता सांगता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर वेग उतरव. चढावर वेग कमी होत होत चालण्यापर्यंत आला तरी चालेल. घड्याळातला वेगाचा आकडा सध्या झाकून ठेव, तो तुला दर वेळी ढकलणार.

याला आळस समजू नकोस. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड ८०० मीटरच्या धावपटूंनाही सुरुवातीचे महिने आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर पळवायचे. ८०० मीटरची ती शर्यत दोन मिनिटांच्या आत संपते! १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी जिंकलं. त्यांचे आकडे तुझ्या कामाचे नाहीत, पण पायाभरणी लांब आणि दमादमाने करायची हा विचार तुझ्या कामाचा आहे.

मध्ये मध्ये चालण्याचाही कमीपणा वाटू देऊ नकोस. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनी पुढे नवख्यांना धावणं आणि चालणं आलटून पालटून करायलाच शिकवलं. अट एकच, थकून चालायचं नाही, थकण्याआधी चालायचं. लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब धावेला, चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल, हे पहिल्या मिनिटापासून लावून बघ. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये फरक तुझा तुलाच कळेल.

अंतराचा हिशोब असा मांडते. आठवड्यातून चार दिवस धाव: तीन छोटे आणि रविवारी एक लांब. पहिल्या दोन महिन्यांत रविवार ५ वरून ८ पर्यंत यावा. मग १०. आणि १० वर तीन-चार रविवार बसून राहा. ते तुला कंटाळवाणं वाटेल, पण तुझी हाडं मागून येऊन पोचायची जागा हीच आहे. तिथून दर आठवड्याला एखाद-दीड किलोमीटर वाढवत १६ ते १८ पर्यंत जा. दर चौथ्या आठवड्याला अंतर एक तृतीयांश कमी कर. सरावात २१ धावायची गरज नाही. आठवड्याच्या बेरजेत थोडं कमीजास्त झालं तर मी काळजी करत नाही. एका दिवशी मारलेली मोठी उडी मात्र मला नको आहे, कारण माझं मोडलं ते त्या एका दिवसात. आणि आठवडा बुडाला, तर तो भरून काढायला जाऊ नकोस, बुडालेलं सोडून द्यायचं.

धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार पायावर येतो, आणि हाफमध्ये अशी २० हजारांहून जास्त पावलं पडतात. हा भार झेलायला पोटऱ्या आणि कंबर घट्ट हवीत. पायरीच्या कडेवर एका पायाने उभी राहा, टाच हळू वर ने, त्याहून हळू खाली आण. दोन्ही पायांवर प्रत्येकी १२-१५ वेळा, आठवड्यातून दोनदा. सोबत एका पायावर खाली बसून उठणं, खुर्चीच्या आधाराने. वीस मिनिटांचं काम आहे आणि सगळे नेमकं तेच टाळतात. तू टाळू नकोस.

बुटांबद्दल फार बोलत नाही. घालून पाच मिनिटं पळून बघ, बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर जोड बदल.

खाण्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायचं आहे. तू लिहिलं आहेस की धावायला लागल्यापासून जेवण कमी केलंस आणि वजन छान उतरतंय. हे थांबव. अंतर वाढवताना खाणं कमी करणं म्हणजे कच्च्या हाडाला विटा न पुरवता भिंत उंच करायला सांगणं. पाळी लांबली किंवा बंद झाली तर 'बरं झालं' म्हणू नकोस. ऊर्जा पुरत नाही म्हणून शरीराने केलेली ती तक्रार आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' (खेळाडूला ऊर्जा कमी पडणं) हे नाव दिलं. तिचा फटका हाडांपासून मनापर्यंत सगळ्याला बसतो. पुरेशी झोप मिळूनही सतत थकवा असेल, तर डॉक्टरांना सांगून लोहाची तपासणी करून घे. आणि छातीत दुखणं, चक्कर, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार असं काही असेल, तर अंतर वाढवण्याआधीच त्यांच्याशी बोल.

दीड तासापर्यंत साठवलेल्या साखरेवर निभावतं. त्यापुढच्या रनला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. पाकिटातलं गोड एनर्जी जेल असो की आणखी काही, ते रविवारी सरावात खाऊन बघ. पोटालाही शिकावं लागतं. पाणी तहानेनुसार. 'जास्त प्यायलेलं बरं' हे खरं नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी आढळलं. शर्यतीत वजन वाढलेल्यांना, म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यायलेल्यांना, त्याचा धोका अधिक होता.

शर्यतीआधीचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आण. त्या दिवसांत पाय जड वाटतील, नसलेली दुखणी जाणवतील, सराव कमी पडला असं वाटेल. तरी शेवटच्या आठवड्यात एकही जास्तीचा किलोमीटर टाकायचा नाही. त्या दिवशी नवे बूट नाहीत, नवे मोजे नाहीत, लेसला दोन गाठी. गर्दीत मागे उभी राहा. पहिले ३ किलोमीटर सगळे तुला ओलांडून जातील, जाऊ दे. सोळाव्या किलोमीटरला तुझ्याजवळ पाय शिल्लक असले पाहिजेत, कारण तिथून पुढे तू सरावातही फारशी गेलेली नसशील. तेव्हा पुढच्या पाणी-टेबलापर्यंतच विचार कर. ते आलं की त्याच्या पुढच्या टेबलाचा.

पण ते सहा महिन्यांनी. येत्या रविवारी पुन्हा ५ किलोमीटरच धाव, आणि या वेळी निम्म्या जोराने. किती वेळ लागला ते मला कळवू नकोस. अख्खं वाक्य बोलता येत होतं का, आणि रात्री नडगीवरून अंगठा फिरवताना काय जाणवलं, एवढंच लिही.

तुझी,
ताई