एकच गणित, दोन संगणक

प्रश्न : पायथनच्या नम्पाय या गणिती लायब्ररीत ४००० × ४००० आकाराच्या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार माझ्या नव्या लॅपटॉपवर कधी जुन्या डेस्कटॉपपेक्षा जलद होतो, तर कधी रेंगाळतो. खरी तुलना कशी करावी?

उत्तर : आधी दोन्हीकडे नम्पायखाली कोणती ब्लास लायब्ररी (मॅट्रिक्सची मूलभूत गणिते करणारा तयार प्रोग्रामसंच) आहे ते पाहा, प्रत्यक्ष गुणाकार तीच करते, त्यामुळे एकीकडे ओपनब्लास आणि दुसरीकडे इंटेलची एमकेएल असेल, तर आपण यंत्रांबरोबर लायब्ऱ्यांचीही तुलना करत असतो. थ्रेडची (एकाच वेळी समांतर चालणाऱ्या कामांची) संख्या आणि ३२ की ६४ बिटांचे अंक, हेही सारखे ठेवा. लॅपटॉप रेंगाळतो तो बहुधा तापल्यामुळे : पहिले काही सेकंद प्रोसेसर वरच्या वेगाने धावतो आणि उष्णता वाढली की स्वतःच वेग उतरवतो. म्हणून चार्जर लावून सलग वीस फेऱ्या घ्या, पहिली सोडून द्या आणि उरलेल्यांचा मध्यक व किमान वेळ दोन्ही नोंदवा. नुसती सरासरी मला पुरेशी वाटत नाही. या गुणाकारात सुमारे १२८ अब्ज क्रिया होतात. त्यांना सेकंदांनी भागले की वेग मिळतो. संगणकशास्त्रज्ञ जॅक डोंगारा यांच्या, संगणकाचा वेग मोजणाऱ्या लिनपॅक चाचणीचे, जिची सुरुवात १९७९ मध्ये १०० समीकरणांच्या संचाने झाली, तत्त्व हेच आहे.