सायडरसाठी पंप कोणता घ्यावा?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये हेरफर्डशायरला राहतो. सफरचंदाचा रस २०० लिटरच्या पिंपात आंबवून सायडर हे पेय बनवतो. सायडर गाळावरून काढून दुसऱ्या पिंपात न्यायचं आहे. विहिरीचा जुना बिडाचा पंप चालेल का?

उत्तर : नाही. लोखंड सायडरमध्ये उतरतं आणि टॅनिनशी (सफरचंदातल्या तुरट घटकाशी) मिळून रंग काळवंडतो. रबरी पात्यांचा, स्टेनलेस स्टीलचा, मिनिटाला २०-३० लिटर ओढणारा पंप घ्या. थोडा चोथाही तो सहज पुढे ढकलतो. मात्र कोरडा फिरला की पाती लगेच जळतात, म्हणून आधी आत पाणी भरा. पुढचा व्हॉल्व्ह बंद असताना तर सुरू करूच नका, दाबाने नळी निसटते.

पंप भरलेल्या पिंपाजवळ, जमिनीवर ठेवा. ओढणारी नळी आखूड, २५ मिमीची आणि तार गुंफलेली हवी, नाहीतर ती चपटी होते. तिचं तोंड गाळापासून चार बोटं वर धरा. नळीत बुडबुडे दिसले तर ओढीकडची क्लिप ढिली आहे. तिथून हवा शिरते आणि हवा मिळाली की सायडर आंबट पडतं. सोडणारी नळी रिकाम्या पिंपाच्या तळाशी टेकवा. (एवढ्याशा मालाला, पिंप उंचावर ठेवता आलं, तर पंपाशिवाय, नुसत्या नळीचा सायफनही पुरतो.)

हंगाम संपल्यावर पाती काढून ठेवा. आत राहिली तर वाकलेलीच राहतात.