चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनरवर पी०३३५ कोड येतोय. क्रँक सेन्सर घरी बदलता येतो का?

येतो. मी बदललाय, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, चाळीस मिनिटांत. त्यातली पंचवीस एका क्लिपशी झटापट करण्यात गेली, ते पुढे येतंय.

पण गाडी नेमकं काय करतेय ते तुम्ही लिहिलंच नाहीत. गार असताना चटकन सुरू होते आणि तापली की बंद पडते, असं असेल तर ही माझीच कथा आहे.

माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. मे महिन्यात बहिणीकडे साताऱ्याला निघालो होतो, खंबाटकीच्या चढावर गाडी मेली. धक्का नाही, आवाज नाही, कुणी किल्ली काढून घेतल्यासारखी. मागे ट्रकांचे हॉर्न. अर्धा तास बॉनेट उघडं टाकून उभे राहिलो, मग पहिल्याच सेल्फला सुरू. साताऱ्यात दाजींनी त्यांच्या ओळखीच्या गॅरेजला गाडी लावली. आधी फ्युएल पंप बदलला, मग इग्निशन कॉइल. बिल नऊ हजार आठशे. परतताना शिरवळच्या अलीकडे पुन्हा तेच.

तेव्हा एक गोष्ट नजरेत भरली. सेल्फ मारला की इंजिन फिरतंय, पण आरपीएमचा काटा शून्यावरच बसलेला. इंजिन फिरतंय हे ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कंप्युटरला, क्रँक सेन्सर सांगतो; तो गप्प बसला तर ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. माझ्या गाडीत तो गिअरबॉक्सच्या बाजूला, हात जाईल असा आहे. ओलं फडकं त्यावर धरलं, पाच-सात मिनिटांत गाडी सुरू. दाजींना फोन केला तर म्हणाले, "आता फडक्याने गाड्या दुरुस्त करणार का तू?"

घरी येऊन सेन्सरला मल्टिमीटर लावला. गार असताना साडेआठशे ओहमच्या आसपास. बायकोच्या हेअर ड्रायरने तापवत गेलो तसा आकडा नाचायला लागला आणि शेवटी मीटरवर 'ओएल', म्हणजे सर्किट तुटलेलं. आतली तार कुठेतरी तुटलेली, गार असताना टोकं टेकतात, तापली की सुटतात. हे दोन तारांच्या सेन्सरचं. तीन तारांचा असेल तर बहुधा हॉलवाला, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला असतो, त्याला ओहमवर मोजण्यात अर्थ नाही.

बदलणं म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह काढायची, कनेक्टर सोडवायचा, दहाच्या पान्याचा एक बोल्ट. सेन्सर अडकला असेल तर पक्कडीने ओढू नका, डावीकडे-उजवीकडे हलवत काढा, नाहीतर अर्धा आत राहतो. नव्याच्या ओ-रिंगला, म्हणजे रबरी कड्याला, इंजिन ऑइलचं बोट लावा. झालं.

झटापटीतली ती क्लिप, म्हणजे कनेक्टरचं लॉक, मात्र माझ्या हातून तुटलं. उष्णतेने प्लास्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं. तिथे अजून झिप टाय आहे आणि दर दिवाळीला दाजी तो बॉनेट उघडून पाहुण्यांना दाखवतात. नऊ हजार आठशेचा विषय मात्र निघत नाही.

त्यांचं म्हणणं, कंप्युटरच्या गाडीला घरी हात लावू नये. अहो, कंप्युटर आहे म्हणून तर घरी कळतं! एप्रिल २०१३ पासून बीएस-४ पेट्रोल गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे बिघाडाचे कोड साठवून स्कॅनरला दाखवणारी यंत्रणा, सक्तीची आहे, साधा ब्लूटूथ स्कॅनर पुरतो. फक्त कोड म्हणजे निदान नव्हे. पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड आहे. उंदराने वायर कुरतडली किंवा कनेक्टरमध्ये तेल शिरलं तरी तोच येतो. आधी वायर बघा. कोड वाचून पार्ट बदलणारे आणि कोड न वाचताच बदलणारे, मला दोघंही सारखेच.

हे खरं तर वर लिहायला हवं होतं: काही गाड्यांत सेन्सर पुलीच्या मागे, खालून असतो. तिथे नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नका, घोड्या, म्हणजे गाडी तोलणारे स्टँड, लावा. काही गाड्यांच्या कंप्युटरला नवा सेन्सर स्कॅनरने ओळखायला शिकवावाही लागतो, स्वस्त स्कॅनर ते करत नाही. तुमची गाडी कोणती ते कळवा. आणि रस्त्यावरचा साडेचारशेचा सेन्सर घेऊ नका, मी घेतला होता, तीन आठवडे टिकला.

परवा दाजींच्या गाडीचा दिवा लागलाय, ताईने सांगितलं. स्कॅनर माझ्या कपाटात आहे. त्यांनी मागितला नाही, मीही विचारलेलं नाही.