मूळ 'फ्रँकेन्स्टाइन' न वाचता थेट त्याचं स्टीमपंक रूप (म्हणजे वाफेच्या आणि दातेरी चक्रांच्या यंत्रांनी भरलेल्या कल्पित जुन्या काळात मांडलेलं) वाचलं तर चालेल का?

चालेल, गोष्ट कळायला काही अडणार नाही. तरी माझं ऐकाल तर मूळ आधी वाचा.

मेरी शेलीने एक गोष्ट मुद्दाम झाकून ठेवली आहे: मेलेल्या देहात प्राण आला कसा. तो देह घडवणारा व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन ते सांगायला साफ नकार देतो. नोव्हेंबरची रात्र, काचेवर पाऊस, संपत आलेली मेणबत्ती, आणि एक पिवळट डोळा उघडतो. बस्स, एवढंच. कडाडणारी वीज आणि कुबडा मदतनीस नंतर नाटक-सिनेमांनी जोडले.

स्टीमपंक लेखक नेमका त्याच झाकलेल्या जागेत शिरतो. मॅकेन्झी ली यांची 'दिस मॉन्स्ट्रस थिंग' (२०१५) बघा. १८१८ सालचं जिनिव्हा. अ‍ॅलस्डेअर हा तरुण कारागीर मेलेल्या भावाला, ऑलिव्हरला, दातेरी चक्रं बसवून उठवतो. त्याच साली शेलीचं पुस्तक खरोखरच लेखकाच्या नावाशिवाय छापलं गेलं होतं, आणि या कादंबरीत ते शहरात येताच यांत्रिक अवयवांच्या माणसांवर लोकांचा रोष वाढतो. ही कल्पना मला फार आवडली.

यंत्र उघड दिसलं की प्रश्नही बदलतात. जीव म्हणजे काय, हे मागे पडतं. बिघडलेलं चक्र दुरुस्त कोण करणार, अशा माणसाला शेजारी कोण राहू देणार, हे पुढे येतं. मी परळची. आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. धोट्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले. यंत्र माणसाच्या अंगात शिरतं म्हणजे काय, हे गिरणगावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच पितळी चष्मे आणि वाफेची विमानं नुसती शोभेला मांडणारं स्टीमपंक मला पोकळ वाटतं. ही कादंबरी तशी नाही.

पण तिच्यात एक मोठी उणीव राहते. सगळं अ‍ॅलस्डेअर सांगतो, ऑलिव्हर आपल्याला बाहेरूनच दिसतो. शेलीचा राक्षस मात्र स्वतः बोलतो. तो मिल्टन, प्लुटार्क, गटे वाचतो, आणि निर्मात्याला तोंडावर विचारतो की मला जन्म देऊन टाकून का दिलंस? ते वाचून झाल्यावर ऑलिव्हरचं गप्प राहणं फार बोचतं, आणि ते बोचावं असं मला मनापासून वाटतं.

वेळ अगदीच नसेल तर निदान राक्षसाचं निवेदन वाचा. १८३१ च्या आवृत्तीत ती ११ ते १६ ही प्रकरणं आहेत.